मांजर बायकोची होती

मांजर माझ्या बायकोची होती, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात या गोष्टीवर वाद आहे. सासूबाईंचं म्हणणं, लेकीचं जे काही होतं ते आईचं. माझं म्हणणं, बाईच्या मागे जे उरतं ते तिच्या नवऱ्याकडे राहतं. हा वाद आम्ही कधी तोंडानं घातलेला नाही. आम्ही एकमेकांशी फार आदरानं बोलतो. त्या मला ‘जावईबापू’ म्हणतात, मी त्यांना ‘आई’ म्हणतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, काय गोडीगुलाबीनं राहतात ही माणसं.

जबलपूरला विजय नगरात आमचं घर आहे. झोपायची एक खोली, स्वयंपाकघर, एक हॉल आणि मागे जाळी लावलेला व्हरांडा. मी फॅक्टरीतून निवृत्त झालो. सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगखात्यात, गेली आणि तिथे माझं नाक कायमचं कामातून गेलं. मला वास म्हणून येत नाही. दूध करपलं, गॅस सुटला, उदबत्ती लागली, मला सगळं सारखंच.

सासूबाई नागपूरच्या. त्यांना मुलगा आहे, नागपुरातच आहे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहे, आणि त्या फ्लॅटमध्ये आईपुरती जागा आजवर निघालेली नाही. त्या इथे आल्या लेकीच्या आजारपणात. लेक गेली, त्या राहिल्या. त्यांना कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. वर्षश्राद्ध झालं तेव्हा मला वाटलं, आता निघतील. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या खोलीतल्या कूलरला वाळ्याची नवीन खस लावून घेतली, तेव्हा मी काय ते समजलो.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी त्यांच्याकडची जुनी रीत. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे बाई आमच्या घरात राहून आमच्या घरचं काही खात नाहीत. त्यांची शेगडी वेगळी, डबे वेगळे, दुधाचं पाकीट वेगळं. आता ज्या लेकीच्या घरची ही रीत, ती लेकच नाही, तरी रीत चालू आहे. आधी मला ते सोवळं वाटायचं. मग ताठा वाटायला लागला. आजही ताठाच वाटतो.

आणि राहतात कुठे, तर माझी बायको ज्या खोलीत होती त्याच खोलीत. ज्या पलंगावर ती गेली त्याच पलंगावर झोपतात. ती गेल्यावर मी काही दिवस हॉलमधल्या दिवाणावर पडलो, कारण त्या खोलीत पाय टाकणं माझ्यानं होत नव्हतं. पाय टाकायची हिंमत आली तोवर खोली गेली होती.

मांजर त्याच्या बऱ्याच आधीची. नागपूरहून गाडीनं परत येताना तिलवारा घाटाच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो होतो. तिथे बाजेखाली एक मूठभर पिल्लू बसलं होतं, पांढरं, शेपटी तेवढी काळी. बायकोनं ते पदरात घेतलं आणि गाडीत येऊन बसली. मला विचारलं नाही. नाव तिनंच ठेवलं. मी त्या नावानं हाक मारतो. सासूबाई ते नाव घेत नाहीत, त्या ‘ए बाई’ म्हणतात, आणि मांजर त्यांच्या हाकेला माझ्यापेक्षा लवकर जाते. हेही मी विसरलेलो नाही.

बायको तशी ढिसाळ. चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारी. पण मांजरीच्या बाबतीत एकदम सरकारी खातं. दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. आपल्या तापाच्या गोळ्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, खाली पडलेली अर्धी गोळी मांजरीचा जीव घेते. वर्षाचं इंजेक्शन चुकवायचं नाही. व्हरांड्याला जाळी तिनंच लावून घेतली, कारण संक्रांतीला पतंगांचा मांजा जिकडेतिकडे लोंबतो आणि मांजर त्याच्यावर झेप घेते. आणि फिनाईल तर पहिल्याच आठवड्यात घरातून हद्दपार. जमिनीवर जे असेल ते मांजरीच्या पायाला लागतं, ती पाय चाटते आणि ते पोटात जातं, असं ती कामवालीला हिंदीतून इतक्यांदा समजावून सांगायची की कामवाली पुढे दुसऱ्यांच्या घरी जाऊन तेच सांगायला लागली.

मग बायकोला तो आजार झाला. औषधांनी रक्तातल्या पेशी खाली आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हिला आता साधी सर्दीही परवडणार नाही, बाहेरचं काही जवळ येऊ देऊ नका, मांजर तर मुळीच नको. मांजरीची रवानगी मागच्या व्हरांड्यात झाली, आणि समोरच्या दारानं सासूबाई आल्या. त्यांच्या मागोमाग फिनाईल आलं. काळ्या बाटल्यांच्या बाटल्या. फरशी, दाराच्या कड्या, पलंगाचे पाय, माझ्या चपला, सगळं फिनाईलनं पुसून निघायचं. मी औषधं घेऊन आलो की मला दारातच उभं करून पिशवीसुद्धा पुसायच्या. तेव्हा मी काही बोललो नाही. तेव्हा ते बरोबरच होतं.

ती गेली. तेरावं झाल्यावर मी उरलेल्या सगळ्या बाटल्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि सासूबाईंना तोंडावर सांगितलं, “आई, मांजर आता परत घरात येणार. आजपासून फिनाईल बंद. मांजरीला ते विष आहे.”

“असं कोण म्हणते?”

“तुमची लेक म्हणायची.”

“आमच्या घरी जन्मभर फिनाईलनं पुसून राहिलो आम्ही. मांजरी येऊन-जाऊन राहायच्या. एकही मेली नाही.”

“तुम्ही मोजल्या होत्या का?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं, जावईबापू.” त्यांच्या ‘बरं’चा अर्थ कळणं मला फार महाग पडलं.

त्यानंतर आमचं जे काही चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात माणसं बोलतात. मी मांजरीसाठी मासळी आणली की त्या नाकाला पदर लावून घरभर फिरायच्या. मला वास येत नाही म्हणून मला दिसावं, एवढ्यासाठी. मी बाजारात गेलो की त्या आपल्या पाकिटातलं दूध वाटीत ओतून मांजरीला पाजायच्या, आणि मी आल्यावर ती वाटी धुऊन पालथी ठेवलेली असायची. मांजर व्हरांड्यात घाण करून ठेवायची तेव्हा मला समजायचं. “आई, दूध दिलंत?” “मी काहून देऊ? तुमची मांजर, तुम्ही पाहा.” चेहऱ्यावर रेषसुद्धा हलायची नाही. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईवर ओरडून करणार काय? शेजारी ऐकतील ते वेगळंच. जावयानं सासूला बोललेलं कुणालाच आवडत नाही. सासूनं जावयाला छळलेलं कुणाला दिसत नाही.

यंदा थंडी लवकर पडली. मांजर संध्याकाळी दिसेनाशी व्हायची आणि सकाळी चहाच्या वेळेला उगवायची. मला वाटायचं, व्हरांड्यातल्या गोणपाटावर झोपत असेल. मग एक दिवस ती सकाळी आलीच नाही. शोधलं तर दिवाणाखाली, भिंतीला चिकटून बसलेली. तोंडातून लाळ गळत होती, छातीचे केस सगळे ओले. बाहेर ओढली तर उभी राहिली आणि चालताना मागचा भाग एका बाजूला गेला. मासळी पुढे ठेवली. तोंड जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं.

वरच्या मजल्यावर एक भाडेकरू राहतो. त्यानं उंदरांचं औषध ठेवलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी जिन्यात उभा राहून त्याचा उद्धार केला. तो दात घासत बाहेर आला. “अंकल, हमने तो चूहेदानी लगाई है, दवा नहीं डाली,” म्हणाला, आणि पिंजरा आणून दाखवला. पिंजऱ्यात उंदीर होता, जिवंत. मी माफी मागितली नाही. माझ्याकडे वेळ नव्हता.

मांजरीला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि ऑटोनं नेपियर टाउनला गेलो. तिथे एका कोचिंग क्लासच्या खाली जनावरांच्या डॉक्टरीण बसतात. बायको दरवर्षी इंजेक्शनला तिथेच न्यायची. डॉक्टरीणबाईंनी मांजरीचं तोंड उघडलं आणि आत टॉर्च मारला. जीभ सोललेली होती, कडेला फोड. मग त्यांनी एकेक पाय उचलून बोटांच्या मधे पाहिलं. तिथली कातडी लालभडक झाली होती.

“घर में फिनाइल लगता है?”

“नहीं मैडम. हमारे यहाँ बंद है. सालों से.”

“ये सूँघिए.” त्यांनी मांजरीचा पाय माझ्या नाकाशी धरला.

“मुझे बास नहीं आती, मैडम.”

“मुझे आ रही है. पंजे भीगे हैं फिनाइल में, एक बार नहीं, कई बार. इसी को चाट-चाटकर ये हाल हुआ है. कोई इसके पैर धोता है क्या?”

मी नाही म्हणालो. म्हणता म्हणताच मला काय ते उमगलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी मांजरीचे पाय साध्या साबणानं आणि कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले, सलाईन लावलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. लिव्हरला मार बसला असेल, म्हणाल्या. आज-उद्याचा दिवस निघाला तर आशा आहे. संध्याकाळपर्यंत ठेवून घेते, मग घरी न्या. मी निघालो तेव्हा मांजरीनं डोकंसुद्धा उचललं नाही.

घरी आलो तो चपला न काढता थेट त्या खोलीत गेलो. बायको गेल्यानंतर मी प्रथमच तिथे पाऊल टाकत होतो, आणि ते असं. सासूबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या. मी वाकलो आणि पलंगाखालचं ओढून बाहेर काढलं. एक लहान प्लास्टिकचा टब निघाला. त्यात पांढरं, दुधाळ पाणी होतं आणि टबाच्या काठावर एक जुना नॅपकीन वाळत घातलेला. मागे काळी बाटली.

“हे काय आहे?”

“दिसून राहिलं नं तुम्हाला.”

“कुणासाठी?”

“तिचे पाय धुते मी. दिवसभर कुठे कुठे फिरून राहते, नालीत जाते. तशीच घेऊ का मी तिला गादीवर?”

“गादीवर?”

“होय. थंडी पडल्यापासून माझ्यापाशीच झोपते ती.”

खरं सांगायचं तर या दुसऱ्या गोष्टीनं मला जास्त लागलं. विष घातलं हे एक. पण माझ्या बायकोची मांजर माझ्या बायकोच्या पलंगावर झोपत होती, या बाईच्या कुशीत, आणि मी पलीकडे हॉलमध्ये एकटा पडून समजत होतो की ती व्हरांड्यात आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. जीभ सोललीय, चालता येत नाही, लिव्हर गेलं असेल. एकही शब्द मवाळ केला नाही. त्यांच्या हातातली वात तशीच राहिली. मग मी तेही बोललो जे इतकी वर्षं गिळून होतो. “आई, ती मेली तर तुमचं सामान मी स्वतः बांधून नागपूरच्या गाडीत ठेवीन. तुमच्या मुलाच्या दारात उतरवून देईन. त्यानं दार उघडलं नाही तर तुम्ही जाणे आणि तो जाणे.”

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. “मेली तर मीच जाईन, जावईबापू. तुम्हाला बांधाबांध नाही करावी लागणार. पण तोवर हलणार नाही.” मग टब उचलला, न्हाणीघरात नेऊन ओतला, बाटली रिकामी केली, टब घासला. बराच वेळ घासत होत्या. मी दारात उभा राहून बघत होतो, कारण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

संध्याकाळी मांजर घरी आणली. दुसऱ्या दिवशी सलाईनला नेली, परत आणली, तिसऱ्या दिवशी परत. मेली नाही. पण खाईना. तोंडात फोड, त्यामुळे अन्नाचा स्पर्श झाला की अंग आखडून घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी मांसाच्या लगद्याचा डबा दिला, तो कोमट पाण्यात पातळ करून बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडा थोडा सोडायचा. घाई केली तर श्वासात जातो, म्हणाल्या. आणि मांजर उपाशी राहिली तर लिव्हर आणखीच जातं, तेव्हा टाळाटाळ करू नका.

मी एकट्यानं करून पाहिलं. एका हातानं धरावी तर दुसऱ्या हातात सिरिंज थरथरते. सगळं माझ्या शर्टावर. मांजरीनं मनगट फाडलं. कामवालीला म्हटलं तर ती म्हणाली, “अंकलजी, काट लेगी,” आणि भांड्यांकडे वळली.

“द्या इकडे,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

“यात मांस आहे, आई.”

“ऐकलं मी. तुम्ही टॉवेलात गुंडाळून धरा तिला. पाय आत घ्या नीट. एवढंही येत नाही का?”

जन्मात ज्या बाईनं अंड्याच्या टरफलाला हात लावला नाही, तिनं तो लगदा वाटीत कालवला, सिरिंजमध्ये ओढला आणि मांजरीच्या गालात थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. हात स्थिर होता. लेकीला शेवटी शेवटी त्यांनीच असं भरवलं होतं, हे मला आठवलं आणि आठवलेलं आवडलं नाही. मांजरीनं गिळलं की त्या थांबायच्या, गळ्याकडे बघायच्या, मग पुढचा थेंब. संपलं की वाटी घासून उलटी घालायच्या आणि न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून आंघोळ करायच्या. गार पाण्यानं. जबलपूरच्या डिसेंबरात, दिवसातून चारदा. गीझर लावा म्हटलं तर म्हणायच्या, “तुमची वीज नको मला.”

मला कौतुक वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला वाटलं, ही बाई मला दाखवतेय. आजारी पडेल आणि तेही माझ्या डोक्यावर बसेल. आम्ही मांजरीला मधे धरून समोरासमोर बसायचो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि बोलायचो ते एवढंच:

“धरून राहा नं नीट.”

“धरलंय.”

“कुठे धरलं? पाय सुटून राहिला तिचा.”

“तुम्ही घाई करताय.”

“मी घाई करते? मी?”

मांजर टॉवेलातून आळीपाळीनं दोघांकडे बघायची. तिला आम्ही दोघेही नको असणार.

मग ती एका दुपारी आपली आपण उठली, व्हरांड्यात गेली, आणि मी ठेवलेल्या मासळीच्या पाण्याला तोंड लावलं. दोनदा थांबली, तोंड झटकलं, पण पीत राहिली. मी स्वयंपाकघराकडे बघून मोठ्यानं म्हणालो, “पितेय.” आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ठीक होत चाललंय म्हणाल्या. पाय रोज नुसत्या कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडे करा, बस. दूसरा कुछ नहीं. मी घरी येऊन ते सासूबाईंच्या ऐकण्यात जाईल अशा आवाजात दोनदा बोललो.

नागपूरचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. मांजर जगली, म्हणजे बोललेलं फिटलं. पण एक नवीनच गोष्ट सुरू झाली. त्यांनी मांजरीला खोलीत घेणं बंद केलं. संध्याकाळ झाली की दार आतून लोटून घ्यायच्या. मांजर दारासमोर जाऊन बसायची आणि ओरडायची. पंजानं दार खरवडायची. आधी मला आत कुठेतरी बरं वाटलं. आता तरी माझ्याकडे येईल. मी दिवाणावर शाल पसरून ठेवली, बायकोची, तिला ओळखीची. तिनं शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. तासन् तास त्या दारासमोर.

आठवडाभर ते खरवडणं ऐकलं आणि माझा संयम सुटला. मी दार ढकलून आत शिरलो, ते माझ्या मागे आपटून लागलं आणि मांजर बाहेरच राहिली. त्या पलंगावर बसून होत्या, दिवा न लावता.

“तिला घ्या आत. ऐकू येत नाही का?”

“ऐकू येते.”

“मग?”

“माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला मला.”

“आता बरा गेला भरवसा,” मी म्हणालो. “मला एक सांगा आई, मुळात तिला घ्यायला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला मांजरीचं कधी काय पडलं होतं? माझ्याकडून तोडायची म्हणून घेतलीत ना?”

बाहेर मांजर ओरडतच होती. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

“माझी पोर मागून राहिली होती तिला. शेवटच्या महिन्यात. तुम्ही औषधं आणायला गेले की मला म्हणायची, आई, मागच्या व्हरांड्यातून आण नं तिला. एकदा माझ्या पायाशी झोपू दे. मी म्हणे, वेडी झाली का तू? कुठे कुठे पाय टाकून येते ती, डॉक्टर काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची. रोज म्हणायची. मग म्हणणं सोडून दिलं तिनं.”

त्या खोलीत एकच खुर्ची होती, बायकोची औषधं ठेवायची. तिच्यावर बसलो.

“मला नाही बोलली ती,” मी म्हणालो.

“मीच म्हटलं होतं, त्यांना नको सांगू.”

“का?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणून दिली असती. डॉक्टरचं नसतं ऐकलं तुम्ही. मला ठाऊक होतं ते. मला तिला वाचवायचं होतं.” मग म्हणाल्या, “ती गेल्यावर माझ्या डोक्यात एवढंच बसलं. पाय धुऊन दिली असती तर? चांगले फिनाईलनं धुऊन घेतले असते पाय, आणि दिली असती. एवढीशी तर गोष्ट. मग यंदा थंडीत मांजर आली दाराशी, आणि मी तिचे पाय धुतले.”

त्या बाईला मी इतकी वर्षं जे काही मनातल्या मनात बोललो होतो, त्यातलं एकही मला त्या वेळी पुरेसं वाटलं नाही. माझी बायको काहीतरी मागत होती आणि ते मला कुणी कळू दिलं नाही. मी औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा बघत उभा असायचो आणि ती इकडे मांजर मागत होती. उठलो आणि बाहेर आलो. मांजर दाराशीच होती. ती माझ्या पायांवरून आत गेली नाही, कारण सासूबाईंनी माझ्या मागोमाग दार पुन्हा लावून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या संध्याकाळी मी पातेल्यात पाणी कोमट केलं, फडकं भिजवलं, मांजरीला मांडीवर घेऊन चारही पाय पुसले, कोरडे केले, आणि त्यांचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं. मी मांजर पुढे केली. “पुसलेत. साध्या पाण्यानं. घ्या.” त्यांनी हात पुढे केले. तेव्हापासून हे रोजचं आहे. मी पुसतो, त्या घेतात. हे मी सासूबाईंसाठी करत नाही. मांजर त्या पलंगावर झोपायला हवी, एवढंच मला कळतं. उशिरा का होईना, तिथे झोपायला हवी.

पण परवाच्या संध्याकाळी मांजर हातात घेतल्यावर त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“जावईबापू, एक विचारू? तेव्हा दिली असती मी तिला, तर काही झालं असतं का हो?”

याचं उत्तर मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तापच चढला असता कदाचित, आणि ती आठवडाभर आधी गेली असती. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली होती, तुम्ही केलं ते त्या वेळी बरोबर होतं, एवढं सांगायला माझं काही जात नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काही झालं नसतं,” मी म्हणालो. “तिला तसंही जायचंच होतं. सुखानं गेली असती.”

त्यांनी मान हलवली. मांजरीला खांद्यावर घेतलं आणि दार लोटलं. मग आतून त्यांचं रडणं ऐकू आलं, पहिल्यांदाच. लेक गेली तेव्हाही मी ते ऐकलं नव्हतं. मी दिवाणावर बसून होतो. उठलो नाही.